टोकोट्राएनॉल: ई जीवनसत्त्वाचे कमी परिचित रूप कसे निवडावे आणि कसे घ्यावे

ई जीवनसत्त्वाची म्हणून जी कॅप्सूल आपल्या हाती येते, तिच्यात बहुतेक वेळा अल्फा-टोकोफेरॉल हा एकच पदार्थ असतो. निसर्गात मात्र या जीवनसत्त्वाची आठ रूपे आढळतात. त्यांपैकी चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्राएनॉल असून दोन्ही गटांत अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा असे चार प्रकार आहेत. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी 1922 मध्ये कॅलिफोर्नियात उंदरांवर प्रयोग करताना पुनरुत्पादनासाठी आवश्यक असा एक मेदविद्राव्य घटक शोधून काढला, आणि 1936 मध्ये इव्हान्स यांच्याच प्रयोगशाळेत गव्हाच्या अंकुराच्या तेलातून अल्फा-टोकोफेरॉल शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. पुढची कित्येक दशके सारे लक्ष या एका रूपावर राहिले. टोकोट्राएनॉल हे नाव 1960 च्या दशकात रूढ झाले आणि त्यांच्या वेगळ्या गुणांची गंभीर चर्चा सुरू व्हायला 1980 चे दशक उजाडावे लागले.

गेल्या काही वर्षांत टोकोट्राएनॉलची पूरके सहज मिळू लागली आहेत आणि त्यांच्याबद्दल मोठमोठे दावेही केले जातात. ही पूरके घ्यावीत की नाही, घ्यायची असल्यास कोणती, किती आणि कशी, याचा निर्णय विचारपूर्वक करता यावा, यासाठी हे मार्गदर्शन आहे. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ‘नेहमीच्या ई जीवनसत्त्वापेक्षा सरस’ एवढ्याच कारणाने टोकोट्राएनॉल घेऊ नये. एखादे निश्चित कारण असेल, मुदत ठरवलेली असेल आणि परिणाम तपासणीत मोजता येणार असेल, तरच त्याचा विचार करावा.

पहिली पायरी: फरक कशात आहे हे समजून घेणे

टोकोफेरॉल आणि टोकोट्राएनॉल या दोन्हींच्या रेणूला एक वलयाकार डोके आणि एक लांब शेपूट असते. डोके जवळजवळ सारखेच असल्याने पेशींतील मेदाचे ऑक्सिडीकरण रोखण्याचे मूळ काम दोघेही करतात. फरक शेपटीत आहे. टोकोफेरॉलची शेपूट संपृक्त असते, तर टोकोट्राएनॉलच्या शेपटीत तीन दुहेरी बंध असतात. हे बंध पेशीपटलातील त्याच्या हालचालीवर परिणाम करतात, आणि ज्या काही प्रक्रियांवर टोकोफेरॉलचा विशेष प्रभाव पडत नाही, त्यांच्यावर टोकोट्राएनॉलचा प्रभाव पडतो तो याच रचनेमुळे, असे मानले जाते.

दुसरा फरक शरीराच्या वागणुकीत आहे आणि पूरक घेणाऱ्यासाठी तोच अधिक महत्त्वाचा ठरतो. आतड्यातून शोषली गेलेली आठही रूपे यकृतापर्यंत पोहोचतात. तेथे अल्फा-टोकोफेरॉल वाहून नेणारे एक खास प्रथिन असते. ते अल्फा-टोकोफेरॉलला निवडून पुन्हा रक्तात पाठवते. अल्फा-टोकोट्राएनॉलशी या प्रथिनाची जवळीक त्या तुलनेत साधारण 12 टक्केच आहे. परिणामी टोकोट्राएनॉलचे रक्तातील प्रमाण कमी राहते आणि ते लवकर ओसरते. अल्फा आणि गॅमा टोकोट्राएनॉलचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे चार तास, तर डेल्टाचा त्याहूनही कमी असल्याचे आढळले आहे. शरीर जे इतक्या झटपट बाहेर टाकते ते अनावश्यकच असले पाहिजे, असा निष्कर्ष काहीजण काढतात. तो मला घाईचा वाटतो, कारण रक्तातील प्रमाण कमी असूनही टोकोट्राएनॉल ऊतींपर्यंत पोहोचते, असे प्राण्यांवरील अभ्यासांत दिसले आहे. तरीही मात्रा आणि वेळ ठरवताना हा अल्प मुक्काम लक्षात ठेवावाच लागतो.

आणखी एक बाब येथेच नोंदवून ठेवतो. अमेरिकेत 2000 साली निश्चित झालेली ई जीवनसत्त्वाची शिफारस प्रौढांसाठी दिवसाला 15 मिलिग्रॅम आहे आणि ती फक्त अल्फा-टोकोफेरॉलमध्ये मोजली जाते. टोकोट्राएनॉल त्या हिशेबात धरले जात नाही. म्हणून ई जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर ती भरून काढण्यासाठी टोकोट्राएनॉल हा पर्याय नाही.

दुसरी पायरी: आपले कारण आणि त्यामागचा पुरावा तपासणे

टोकोट्राएनॉलविषयीचे दावे अनेक आहेत, पण सगळ्यांमागचा पुरावा सारख्या ताकदीचा नाही. आपण कशासाठी विचार करत आहोत हे एका वाक्यात लिहून काढावे आणि मगच पुढे जावे.

कोलेस्टेरॉल हे सर्वांत जुने कारण. जवापासून वेगळ्या केलेल्या टोकोट्राएनॉलमुळे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती मंदावते, असे 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचे विकर (एन्झाइम) कळीचे असते. स्टॅटिन गटातील औषधे या विकराचे काम थेट अडवतात, तर गॅमा आणि डेल्टा टोकोट्राएनॉल त्या विकराचे विघटन लवकर घडवून आणतात, असे पेशींवरील अभ्यासांतून पुढे आले. यंत्रणा पटण्याजोगी आहे. माणसांवरील चाचण्यांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत कोलेस्टेरॉल घटले, पण 1999 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी किंचित वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्या पुरुषांवर केलेल्या नियंत्रित चाचणीत टोकोट्राएनॉलयुक्त अर्काचा रक्तातील मेदावर काहीही परिणाम आढळला नाही. डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केलेले असताना ते थांबवून त्याजागी टोकोट्राएनॉल घेणे, या पार्श्वभूमीवर, सरळसरळ धोक्याचे आहे.

मेंदूच्या बाबतीत अल्फा-टोकोट्राएनॉल हे रूप विशेष अभ्यासले गेले आहे. प्रयोगशाळेतील चेतापेशींना ग्लुटामेट या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या अतिरेकामुळे होणारी इजा त्याने अत्यंत सूक्ष्म मात्रेतही रोखली, असे अमेरिकेतील चंदन सेन यांच्या गटाने 2000 साली दाखवले. ही कृती निव्वळ ऑक्सिडीकरणविरोधी नव्हती, पेशीतील एका संकेतवाहक विकरावर परिणाम झाल्याने ती घडत होती. माणसांवरील सर्वांत लक्षणीय चाचणी मलेशियात झाली आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूच्या एमआरआयमध्ये श्वेतद्रव्यात, म्हणजे चेतातंतूंनी बनलेल्या भागात, व्रण दिसलेल्या 121 व्यक्तींना दोन गटांत विभागून एका गटाला 200 मिलिग्रॅम मिश्र टोकोट्राएनॉल दिवसातून दोनदा, तर दुसऱ्याला औषधी गुण नसलेली दिखाऊ कॅप्सूल देण्यात आली. एका वर्षानंतर दोन्ही गटांतील फरक ठळक नव्हता. दोन वर्षांनी मात्र दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांच्या व्रणांचे आकारमान वाढलेले आणि टोकोट्राएनॉल घेणाऱ्यांचे जवळपास होते तेवढेच राहिलेले आढळले. हा निकाल मला खरोखर आशादायक वाटतो. पण त्याचा अर्थ काटेकोरपणे घ्यायला हवा: व्रणांची वाढ थांबली, असे चित्र एमआरआयमध्ये दिसले. त्यामुळे पक्षाघात टळतो किंवा स्मरणशक्ती टिकते, हे या चाचणीने सिद्ध केलेले नाही.

मेदयुक्त यकृत, म्हणजे फॅटी लिव्हर, या तक्रारीवरही एक वर्षाची चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 87 जण सहभागी होते आणि मात्रा तीच, 200 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अशी होती. टोकोट्राएनॉल घेणाऱ्यांपैकी अधिक जणांची सोनोग्राफी पूर्ववत झाली. मात्र सोनोग्राफीने यकृतातील सूज किंवा तंतुमयता नेमकेपणाने कळत नाही, आणि या आजारात वजन कमी करण्याला पर्याय नाही, ही दोन्ही भाने सुटू देऊ नयेत.

रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता कमी झालेल्या स्त्रियांवर अनाटो या झाडाच्या बियांपासून काढलेल्या टोकोट्राएनॉलची 12 आठवड्यांची चाचणी झाली, तिचा अहवाल 2018 मध्ये आला. हाडांची झीज दर्शवणारे रक्त आणि लघवीतील निर्देशांक त्यात घटले. अस्थिभंग कमी होतात का, या प्रश्नाचे उत्तर देण्याइतकी ती चाचणी मोठी किंवा दीर्घ नव्हती. केसांच्या बाबतीत 2010 मधील एका छोट्या चाचणीचा दाखला सर्रास दिला जातो. दिवसाला 100 मिलिग्रॅम मात्रा आठ महिने घेतल्यावर ठरावीक जागेतील केसांची संख्या सरासरी 34.5 टक्क्यांनी वाढली, असे तीत नोंदले आहे. सहभागी अवघे 38 होते, हे मात्र जाहिरातींत क्वचितच सांगितले जाते.

कर्करोगाविषयी शब्द जपून वापरले पाहिजेत. पेशी आणि प्राण्यांवरील निष्कर्ष पुष्कळ आहेत, आणि स्वादुपिंडाच्या अर्बुदांच्या रुग्णांत डेल्टा-टोकोट्राएनॉल किती मात्रेपर्यंत सहन होते, याची प्राथमिक चाचणीही झाली आहे. परंतु स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन या औषधाच्या जोडीला टोकोट्राएनॉल देऊन 240 स्त्रियांवर केलेल्या चाचणीत पाच वर्षांनंतरही संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम फायदा दिसला नाही. उपचार चालू असताना कर्करोगतज्ज्ञांना न विचारता हे पूरक सुरू करणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

तिसरी पायरी: आहारातून किती मिळते याचा हिशेब

पाम तेल, तांदळाच्या कोंड्याचे तेल, जव, ओट, राय आणि गव्हाचा कोंडा हे टोकोट्राएनॉलचे मुख्य आहारस्रोत आहेत. सूर्यफूल, सोयाबीन आणि ऑलिव्ह या तेलांत टोकोफेरॉल भरपूर असले, तरी टोकोट्राएनॉल नगण्य असते. अनाटोच्या बिया प्रामुख्याने खाद्यरंगासाठी वापरल्या जातात. त्यांच्यात जवळजवळ केवळ डेल्टा आणि गॅमा टोकोट्राएनॉल असते आणि टोकोफेरॉल जवळपास नसते, म्हणून पूरक बनवणाऱ्यांना त्या विशेष उपयोगी वाटतात.

आता आकडे पाहू. कच्च्या पाम तेलात किलोमागे साधारण 600 ते 1000 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व असते आणि त्यातील सुमारे 70 टक्के टोकोट्राएनॉल असते. चाचण्यांत वापरलेली 400 मिलिग्रॅमची दैनंदिन मात्रा या तेलातून मिळवायची, तर दिवसाला अर्धा किलोहून अधिक तेल पोटात जावे लागेल. शुद्धीकरणात या घटकाचा काही भाग नष्ट होतो, तो हिशेब वेगळाच. शिवाय पाम तेलातील जवळपास निम्मे मेद संपृक्त असते. त्यामुळे टोकोट्राएनॉलच्या आशेने तेलाचे प्रमाण वाढवणे म्हणजे हृदयासाठी उलटा सौदा होय. अख्खे जव आणि ओट खावेत, ते त्यांच्यातील बीटा-ग्लुकन या तंतूसाठी. कोलेस्टेरॉल कमी करण्याचा त्या तंतूचा पुरावा टोकोट्राएनॉलपेक्षा कितीतरी भक्कम आहे. त्या धान्यांतून मिळणारे टोकोट्राएनॉल ही जमेची बाजू समजावी.

चौथी पायरी: लेबल बारकाईने वाचणे

बहुतेकांची फसगत येथे होते. डबीच्या दर्शनी भागावर टोकोट्राएनॉल हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो, आणि आत नेमके काय व किती आहे हे मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असते. समजा, एका डबीवर ‘टोकोट्राएनॉलयुक्त अर्क 200 मिलिग्रॅम’ असे छापले आहे. मागच्या तक्त्यात टोकोट्राएनॉलचे एकूण प्रमाण 50 टक्के दिले असेल, तर एका कॅप्सूलमधून 100 मिलिग्रॅमच मिळणार. उरलेल्या भागात वाहक तेल, वनस्पतिज स्टेरॉल, स्क्वालीन आणि टोकोफेरॉल असू शकते. ज्या लेबलवर अल्फा, गॅमा आणि डेल्टा यांचे वेगवेगळे मिलिग्रॅम दिलेले नाहीत, ते उत्पादन बाजूला ठेवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. केवळ आंतरराष्ट्रीय एककांत दिलेला आकडाही येथे उपयोगाचा नाही, कारण ते एकक अल्फा-टोकोफेरॉलच्या कार्यावर आधारलेले आहे.

त्यानंतर स्रोत पाहावा. पामपासून काढलेल्या अर्कात अल्फा, गॅमा आणि डेल्टा अशी तिन्ही टोकोट्राएनॉल आणि सोबत बऱ्यापैकी अल्फा-टोकोफेरॉल असते. तांदळाच्या कोंड्याच्या अर्कात टोकोफेरॉलचा वाटा सुमारे निम्मा असतो. अनाटोच्या अर्कात अल्फा-टोकोट्राएनॉल नसतेच. मेंदूवरची चाचणी मिश्र टोकोट्राएनॉलवर झाली आणि पेशींवरील संरक्षक परिणाम अल्फा रूपाचा होता, हे ध्यानात घेता त्या कारणासाठी अनाटोचे पूरक निवडणे तर्काला धरून होणार नाही. हाडांसाठी विचार करणाऱ्याची गोष्ट उलट आहे, कारण त्या स्त्रियांना अनाटोचाच अर्क दिला गेला होता.

अल्फा-टोकोफेरॉलचा वाटा किती आहे, हे पाहण्याला आणखी एक कारण आहे. त्याचे प्रमाण जास्त असल्यास टोकोट्राएनॉलचा कोलेस्टेरॉलवरील परिणाम मंदावतो, असे प्राण्यांवरील अभ्यासांत दिसले आहे, आणि शोषणातही दोघांत स्पर्धा होते. म्हणून कोलेस्टेरॉल हे कारण असेल, तर टोकोफेरॉल कमीत कमी असलेला अर्क निवडावा आणि ई जीवनसत्त्वाची दुसरी मोठी कॅप्सूल त्याच वेळी घेऊ नये. उत्पादनाची शुद्धता स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासल्याची नोंद, निर्मितीचा गट क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख या गोष्टीही पाहाव्यात.

पाचवी पायरी: मात्रा, वेळ आणि साठवण

माणसांवरील चाचण्यांत दिवसाला 100 ते 400 मिलिग्रॅम ही मात्रा सर्वाधिक वापरली गेली आहे. स्वतःच्या मनाने त्यापुढे जाऊ नये. हाडांच्या चाचणीतील मात्रा याहून मोठी होती, पण ती वैद्यकीय देखरेखीखाली दिली गेली होती. सुरुवात कमी मात्रेने करून पचनाची काही तक्रार उद्भवते का, हे दोन आठवडे पाहावे.

कॅप्सूल उपाशीपोटी घेतली, तर तिचा बराच भाग वाया जातो. मेदयुक्त जेवणासोबत घेतल्यास टोकोट्राएनॉलचे शोषण निदान दुपटीने वाढते, असे 2001 मधील अभ्यासात आढळले. मेद पोटात गेल्यावर पित्त स्रवते आणि त्याच्या मदतीने हा पदार्थ आतड्याच्या भिंतीपलीकडे जातो. त्यामुळे दिवसातील दोन मुख्य जेवणे निवडावीत आणि एकूण मात्रा त्यांच्यात विभागावी. अर्धायुकाल अवघ्या काही तासांचा असल्याने एकदम मोठी मात्रा घेण्यापेक्षा ही विभागणी अधिक योग्य ठरते. पित्ताशयाचे किंवा स्वादुपिंडाचे विकार असणाऱ्यांत, तसेच मेदाचे शोषण कमी करणारी औषधे घेणाऱ्यांत, जेवणासोबत घेऊनही शोषण अपुरे राहू शकते.

शेपटीतील दुहेरी बंधांमुळे टोकोट्राएनॉल उष्णता, प्रकाश आणि हवा यांनी लवकर खराब होते. डबी अपारदर्शक असावी, झाकण घट्ट लावावे आणि ती चुलीपासून व उन्हापासून दूर ठेवावी. कॅप्सूल फोडल्यावर खवट वास आला, तर संपूर्ण डबी टाकून द्यावी.

सहावी पायरी: कोणी थांबावे आणि डॉक्टरांना काय सांगावे

नैसर्गिक पदार्थ आहे, म्हणजे अपाय नाही, हा समज ई जीवनसत्त्वाच्या इतिहासानेच खोटा ठरवला आहे. अल्फा-टोकोफेरॉलवर एकेकाळी असाच विश्वास होता. 35,000 हून अधिक पुरुषांचा समावेश असलेल्या सिलेक्ट या चाचणीत दिवसाला 400 आंतरराष्ट्रीय एकके ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण 17 टक्क्यांनी अधिक असल्याचे 2011 मध्ये जाहीर झाले. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील मोठ्या चाचणीत अल्फा-टोकोफेरॉल घेणाऱ्यांमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने होणारे मृत्यू अधिक आढळले होते. हे निष्कर्ष जसेच्या तसे टोकोट्राएनॉलला लावता येणार नाहीत. तरीही टोकोट्राएनॉलच्या चाचण्या शेकड्यांतील लोकांवर झाल्या आहेत, आणि दुर्मीळ किंवा उशिरा दिसणारे अपाय उघड होण्यासाठी हजारो लोकांचा दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागतो.

वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय टोकोट्राएनॉल सुरू करू नये. वॉरफरिन घेणाऱ्यांनी परवानगी मिळाल्यावरही आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी, लवकर करून घ्यावी. हिरड्यांतून रक्त येणे, नाकातून रक्त येणे किंवा मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उमटणे यांपैकी काहीही दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना कळवावे. शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल, तर हे पूरक घेत असल्याचे आधीच सांगावे आणि किती दिवस अगोदर थांबवायचे ते विचारून घ्यावे. स्टॅटिन घेणाऱ्यांनीही कल्पना द्यावी, कारण दोघांचा रोख एकाच विकराकडे आहे. गर्भवती आणि स्तनदा माता, तसेच लहान मुले यांनी हे पूरक घेऊ नये.

सातवी पायरी: परिणाम मोजणे

कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी आपल्या कारणाशी संबंधित तपासणी करून घ्यावी. कोलेस्टेरॉलसाठी लिपिड प्रोफाइल, यकृतासाठी सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्तचाचण्या, हाडांसाठी घनतेची तपासणी. लिपिड प्रोफाइल तीन महिन्यांनी पुन्हा करावे. यकृतासाठी वर्षभर थांबणे रास्त आहे. हाडांची घनता इतकी सावकाश बदलते, की वर्षाच्या आत ती पुन्हा मोजून फारसे काही हाती लागत नाही. केसांसाठी एकाच जागेचे, एकाच उजेडात घेतलेले छायाचित्र दर दोन महिन्यांनी जपून ठेवावे, कारण नुसत्या नजरेचा अंदाज हमखास चुकतो.

या काळात आहार, व्यायाम किंवा औषधे यांत मोठा बदल झाला, तर त्याची तारखेसह नोंद ठेवावी. अन्यथा कोलेस्टेरॉल उतरले तरी त्याचे श्रेय कशाला द्यायचे, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. मुदत संपल्यावर तपासणीत फरक दिसला नाही, तर मात्रा वाढवून पाहण्याचा मोह टाळून पूरक बंद करावे. फरक दिसला, तर दोन्ही अहवाल आणि डबीच्या मागच्या तक्त्याचे छायाचित्र डॉक्टरांपुढे ठेवून पुढे किती काळ घ्यायचे ते त्यांच्याशी बोलून ठरवावे.